चोर कोण हे नंतर, आधी चोरी कधी आणि कुठं

सरपंचभाऊ,

तुमचं पत्र दोनदा वाचलं. हे उत्तर आणखी कोणी वाचेल, म्हणून आधी प्रश्न थोडक्यात सांगते. यवतमाळ जिल्ह्यातलं तुमचं गाव, चारेकशे घरांचं. दोन वर्षांत विहिरींवरच्या मोटारींची केबल सात-आठ वेळा कापून नेली. दिवाळीच्या तोंडावर दोन शेतांतून सोयाबीनची पोती गेली. एकाच्या शेतातली सोयाबीनची गंजी पेटली. पोळ्याच्या संध्याकाळी तोरणाखाली डोकी फुटली. आणि मागच्या महिन्यात केबल कापताना गावातलाच १९ वर्षांचा पोरगा हाती लागला. ग्रामसभेत तीन मागण्या झाल्या: चौकात सीसीटीव्ही लावा, त्या पोराला गावात ठेवू नका, शिवेवरचा पारधी बेडा, म्हणजे पारध्यांची वस्ती, उठवा. तुम्ही विचारता, समाजशास्त्र यावर काय सांगतं आणि गावानं काय करावं.

मी २७ वर्षं परिविक्षा अधिकारी होते, बहुतेक काळ अमरावती आणि यवतमाळकडे. शिक्षा ठरवण्याआधी न्यायालय आरोपीच्या घरची, शाळेची, कामाची, संगतीची चौकशी करायला सांगतं. ती करून अहवाल द्यायचा, आणि न्यायालयानं सोडलेल्या माणसावर पुढे देखरेख ठेवायची, हे माझं काम. पोलीस येऊन गेल्यावर आणि निकाल लागायच्या आधी मी त्या घरात जायची. पुस्तकात वाचलेलं मी त्या घरांमध्ये तपासून पाहिलं. काही टिकलं, काही टिकलं नाही.

तुम्ही चारही घटनांना ‘गुन्हेगारी वाढली’ असं एकच नाव दिलंय. माझ्या मते तिथेच वाट चुकते. केबल, गंजी, पोळ्याचं भांडण आणि तो पोरगा, या चार वेगळ्या गोष्टी आहेत. त्यांची मुळं वेगळी, म्हणून उपायही वेगळे.

केबल आणि पोत्यांपासून सुरुवात करते. लॉरेन्स कोहेन आणि मार्कस फेल्सन या अमेरिकी अभ्यासकांना एक कोडं पडलं होतं. दुसऱ्या महायुद्धानंतर त्यांच्या देशात लोकांची मिळकत वाढली, शिक्षण वाढलं, तरी घरफोड्या वाढतच गेल्या. १९७९ मध्ये त्यांनी उत्तर मांडलं: बायका नोकरीला लागल्या, घरं दिवसभर रिकामी राहू लागली, आणि टीव्हीसारख्या किमती वस्तू उचलून नेण्याइतक्या हलक्या झाल्या. चोरी व्हायला तीन गोष्टी एका जागी, एका वेळी जुळाव्या लागतात. चोरायला तयार माणूस, नेण्याजोगी वस्तू, आणि राखणीला कोणी नसणं.

आता आपलं शिवार बघा. सोयाबीन सोंगून झालं की गंजी लागते आणि हडंबा (मळणीयंत्र) मिळेपर्यंत ती शेतातच राहते. मळणी सांजेला उरकली तर पोती रात्रभर धुऱ्यावर (बांधावर), कारण ट्रॅक्टर दुसऱ्याकडे गेलेला. केबलचंही तसंच. शेतीची वीज कधी दिवसपाळीत, कधी रात्रपाळीत. रात्रपाळी असली की शेतकरी ओलितासाठी शेतात असतो. दिवसपाळी आली की रात्री शिवार ओस. ज्याला केबल न्यायची त्याला हे वेळापत्रक तोंडपाठ असतं. मी माझ्याकडच्या प्रकरणांतल्या तारखा वीजपाळीशी ताडून बघायला लागले, तेव्हा बहुतेक चोऱ्या दिवसपाळीच्या आठवड्यातल्या निघाल्या. तुम्हीही एक वही करा. दोन वर्षांतल्या प्रत्येक चोरीचा वार, वेळ, गट नंबर आणि त्या आठवड्यातली वीजपाळी लिहा. पोलीस पाटलाला सोबत घ्या. एका दुपारचं काम आहे, पण ते केल्याशिवाय एक रुपयाही खर्च करू नका.

चौकातल्या कॅमेऱ्याला दोन किलोमीटरवरची विहीर दिसत नाही. त्यात पानठेल्यावर खर्रा घोटत बसलेली पोरं दिसतील, आणि पुढची चोरी झाली की गाव त्यांच्यावरच संशय घेईल. त्यापेक्षा लगतच्या चार-पाच विहिरीवाल्यांनी दिवसपाळीच्या आठवड्यात जागलीच्या पाळ्या लावाव्या. केबल पाइपात घालून जमिनीत दाबावी. हडंबा कोणाकडे कोणत्या दिवशी आणि पोती न्यायला ट्रॅक्टर कोणाचा, याचं वेळापत्रक ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लावावं, म्हणजे मळलेला माल त्याच रात्री घरी येईल.

आणि भंगारवाल्याकडे बघा. तुमच्या नाल्याच्या काठी कुठेतरी जळलेल्या प्लास्टिकचा काळा डाग सापडेल. तिथे केबल जाळून तांबं काढतात. ते तांबं पोरगा घरी ठेवत नाही, कोणीतरी रोख पैसे देऊन घेतं. अमेरिकी समाजशास्त्रज्ञ एडविन सदरलँड यांनी विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात सांगितलं की गुन्हा माणूस जवळच्या लोकांकडून शिकतो, जसा गवंडीकाम शिकतो तसाच: हत्यार कोणतं, वेळ कोणती, माल कुठे खपतो, आणि ‘यात काही वाईट नाही’ हे मनाला कसं समजवायचं. माझ्याकडे आलेल्या केबलच्या जवळपास प्रत्येक पोराला तांब्याचा भाव पहिल्यांदा कोणीतरी मोठ्या माणसानं सांगितलेला होता. तो माणूस आरोपपत्रात क्वचितच असायचा. चोरीचा माल जाणूनबुजून घेणं हा स्वतंत्र गुन्हा आहे. एकट्या सरपंचाचं ठाणेदार ऐकतील न ऐकतील. आजूबाजूचे सात-आठ सरपंच मिळून जा आणि तांबं विकायला येणाऱ्याचं नाव-गाव लिहिलेली वही प्रत्येक भंगार दुकानात ठेवायला लावा.

सदरलँड यांचं नाव निघालं म्हणून एक गोष्ट. १९३९ मध्ये त्यांनीच दाखवलं की प्रतिष्ठित लोक आपल्या धंद्याच्या आडून जे गुन्हे करतात ते गुन्ह्यांच्या हिशेबात धरलेच जात नाहीत. आपल्याकडे बोगस बियाण्यानं अख्ख्या गावाचा खरीप जातो. इसारपावती म्हणून सही घेऊन सावकार खरेदीखत करून घेतो. केबलची किंमत काही हजार आणि शेत लाखांचं, पण ग्रामसभेत ठराव केबलवर येतो. महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियम २०१४ प्रमाणे सावकारीतून लाटलेली जमीन परत देण्याचा आदेश जिल्हा उपनिबंधक चौकशीनंतर देऊ शकतात. तुमच्या गावात अशी प्रकरणं असतीलच. त्यांचीही यादी करा.

गंजी पेटवणं हे मात्र चोरीच्या कुळातलंच नाही. जळालेल्या सोयाबीनमधून कोणालाच काही मिळत नाही. माझ्या अनुभवात गंजीच्या राखेखाली धुरा असतो, पांदण असते, भावकीची वाटणी असते, नाहीतर मोडलेली सोयरीक. तुमच्या गंजीवाल्याचा आधीचा वाद काय होता, तो शोधा. बहुधा पोलीस ठाण्यात एखादी अदखलपात्र नोंद सापडेल, दोन वर्षांपूर्वीचीही असू शकते. नोंद करून कागद हातात दिला की ठाण्यापुरता विषय संपतो, पण धुऱ्यावर तो रोज सकाळी नव्यानं सुरू होतो. मी खुनाच्या आरोपींच्या घरी गेले आहे, जिथे भांडण दीड हात जमिनीचं होतं आणि मोजणीचा अर्ज कोणीच केला नव्हता. हद्दीचा वाद असेल तर भूमी अभिलेख कार्यालयात मोजणीची फी भरा. गरीब असेल तर गावानं वर्गणी काढावी. शेताचा रस्ता अडवला असेल तर मामलेदार न्यायालय अधिनियम १९०६ च्या कलम ५ खाली तहसीलदाराकडे दावा करता येतो, पण तो अडवल्यापासून सहा महिन्यांच्या आत. ही मुदत गावात कोणाला माहीत नसते आणि ती निघून गेली की माणूस काठी उचलतो.

तंटामुक्ती समिती याच कामासाठी होती. १५ ऑगस्ट २००७ ला ती मोहीम सुरू झाली तेव्हा मी उमेदीनं तिच्या बैठकांना जायची. ज्या गावात समितीतली माणसं स्वतः धुऱ्यावर जाऊन उभी राहिली, तिथे भांडणं खरंच मिटली. पण पुरस्काराच्या ओढीनं तक्रारच होऊ न देणारी गावंही मी पाहिली. बाईला मारहाण, मुलीची छेड, जातीवरून अपमान, हे ‘समजुतीनं मिटवायचे तंटे’ नव्हेत. तुमच्या समितीनं असं एखादं प्रकरण मिटवलं असेल तर ते पुन्हा उघडा. या वाक्यावर माझ्याशी वाद घालणारे बरेच भेटतात. मी मागे हटलेली नाही.

आता पोळा. तोरण कोणी तोडायचं, कोणाची जोडी पुढे, झडतीत (पोळ्याला म्हणतात त्या गाण्यात) कोणाला टोमणा मारला, यावरून डोकी फुटतात. सगळे म्हणतात, दारू. दारू आहेच. पण त्या संध्याकाळी प्यायलेली पन्नाशीची माणसंही होती, त्यांनी दगड उचलला नाही. उचलला तो १८ ते ३० वयाच्या पोरांनी.

इथे मला अमेरिकी समाजशास्त्रज्ञ रॉबर्ट मर्टन आठवतात. १९३८ मध्ये त्यांनी म्हटलं की समाज सगळ्यांना एकच स्वप्न देतो आणि तिथे पोचायची वाट मात्र थोड्यांनाच देतो. मग माणसं पाच तऱ्हांनी वागतात. आपल्या गावात त्या पाचही दिसतात. पहाटे डांबरी रस्त्यावर पोलीस भरतीसाठी धावणारी पोरं, ही पहिली. वरली-मटक्यात नाहीतर केबलीत झटपट पैसा शोधणारी, ही दुसरी. काही मिळणार नाही हे ठाऊक असून दरवर्षी मृग लागला की पराटी (कपाशी) लावणारा बाप, ही तिसरी. हातभट्टीवर पडून राहिलेला, ही चौथी. आणि व्यवस्थाच नको म्हणून बंदूक उचलणं, ही पाचवी. ती गडचिरोलीनं १९८० पासून पाहिली.

पण मर्टन यांचा हिशेब अर्धाच सुटतो. त्याच घरात, त्याच गरिबीत बहीणही वाढते, ती केबल कापत नाही. बहुतेक गरीब माणसं आयुष्यभर एक काडीही चोरत नाहीत. ट्रॅव्हिस हिर्शी यांनी १९६९ मध्ये प्रश्नच उलटा केला: लोक गुन्हा का करत नाहीत? त्यांचं उत्तर बंधांचं आहे. कोणाचा तरी जीव लागलेला असतो, काहीतरी गमावण्यासारखं असतं, दिवस कामात जातो, आणि नियम आपलेच वाटतात. पुढे रॉबर्ट सॅम्पसन आणि जॉन लाब यांनी गुन्हेगार पोरांच्या मोठेपणीच्या आयुष्याचा माग काढला. त्यांना दिसलं की टिकाऊ काम आणि चांगला संसार मिळाला की यातली पुष्कळ पोरं सुधारतात.

आपल्या विदर्भातल्या गावांची खरी दुखरी जागा मला इथे दिसते. शेतकऱ्याच्या पोराला आज कोणी मुलगी देत नाही. बत्तीस-चौतीस वर्षांचे अविवाहित पोरगे प्रत्येक गावात आहेत. दोन-चार एकर कोरडवाहू, आयटीआय झालेलं पण काम नाही, घरात आईबाप गप्प, आणि लग्नाच्या बैठकीत दहा वेळा नकार ऐकलेला. ज्या वळणावर पूर्वी पोरगं आपोआप शांत व्हायचं, ते वळणच आलं नाही. मग त्याची इभ्रत कशात उरते? मोटारसायकलीत, मित्रांच्या टोळक्यात, पोळ्याच्या तोरणात. त्याला तिथे कोणी हसलं की ते त्याला सहन होत नाही. एका आईनं मला सांगितलं होतं, “मॅडम, घरात त्याले कोणी काई विचारत नाई, मंग तो बाहेर दाखवते आपला जोर.” मी तेच वाक्य अहवालात जसंच्या तसं लिहिलं.

यावर पोलीस बंदोबस्त हा एका संध्याकाळपुरता उपाय. याच पोरांकडे पोळ्याची जबाबदारी द्या. रांगेचा क्रम आठ दिवस आधी चिठ्ठ्या टाकून ठरवा आणि तो पाळायचं काम दोन्ही गटांतल्या नेमलेल्या पोरांवर सोपवा. जागलीच्या पाळ्याही त्यांच्याकडे द्या, ग्रामपंचायतीच्या ठरावानं, नाव लिहून. अमरावती जिल्ह्यात तुकडोजी महाराजांच्या सामुदायिक प्रार्थनेला रोज सांजेला जी गावं बसतात, तिथे मला एक गोष्ट जाणवली. कोण आलं नाही हे लगेच कळायचं आणि रात्री कोणीतरी त्याच्या घरी विचारायला जायचं. ते विचारायला जाणं फार मोलाचं आहे.

दारूबद्दल थोडं. वर्धा जिल्ह्यात १९७४ पासून दारूबंदी आहे, गडचिरोलीत १९९३ पासून. चंद्रपुरात २०१५ मध्ये आली आणि २०२१ मध्ये उठली. कायद्यानं परवान्याचं दुकान बंद होतं, मोहाची भट्टी होत नाही. महिलांच्या मतदानानं बाटली आडवी करता येते, तीही परवानाधारक दुकानाचीच. तुमच्या गावात दुकान नाही, चोरटी विक्री आहे. तिथे बचत गटाच्या बायका आठवड्याला बसून कोण विकतं, कुठून आणतं हे लिहून काढतील आणि त्या कागदाची पोच ठाण्यातून घेतील, तरच फरक पडेल. बायकांवर हे काम टाकून पुरुषांनी घरी बसू नये. विकणारा त्यांच्याच ओळखीतला असतो आणि राग बायकांवर निघतो.

आता बेडा. तुमच्या वहीत लिहून बघा: सात-आठ केबलचोऱ्यांपैकी किती बेड्यावरच्या माणसावर सिद्ध झाल्या? तुम्हीच लिहिलंय की सापडलेला पोरगा गावातला आहे. तरी मागणी बेडा उठवण्याची आली. इंग्रजांनी १८७१ च्या कायद्यानं काही जमातींना जन्मानंच गुन्हेगार ठरवलं. ३१ ऑगस्ट १९५२ ला त्या विमुक्त झाल्या, पण शिक्का पुसला गेला नाही. चोरी झाली की पहिली जीप बेड्यावर जाते. जिथे सगळ्यात जास्त शोधाल तिथेच जास्त सापडेल, आणि मग आकडे दाखवून म्हणायचं, बघा, हेच चोर. हॉवर्ड बेकर यांनी १९६३ मध्ये हेच सांगितलं की गुन्हेगार हा शिक्का समाज मारतो, आणि शिक्का बसलेल्या माणसाला सरळ जगायच्या वाटा एकेक बंद होतात. जातीचा दाखला नाही, म्हणून शिष्यवृत्ती नाही. घराची जागा नावावर नाही, म्हणून घरकुल नाही. शिकागोत क्लिफर्ड शॉ आणि हेन्री मॅके यांना दिसलं होतं की काही वस्त्यांत एकामागून एक वेगळ्या देशांतले लोक राहून गेले, पण तिथलं बालगुन्ह्यांचं प्रमाण चढंच राहिलं. दोष रक्तात असता तर तो माणसांबरोबर निघून गेला असता. बेडा उठवून तुम्ही ती माणसं दुसऱ्या शिवेवर ढकलाल, आणि केबल जात राहील. तुमच्या हातात आहे ते करा: बेड्यावरच्या मुलांची नावं शाळेच्या पटावर आहेत का ते बघा, आणि रहिवासी पुराव्यांसाठी ग्रामपंचायत अधिकाऱ्याला त्यांच्या दारात पाठवा.

‘गावाची एकी असली की गुन्हा होत नाही’ असं तुम्ही पत्रात लिहिलंय. शेजाऱ्यांचा एकमेकांवर विश्वास असेल आणि ते वेळेला मध्ये पडत असतील तर हिंसा कमी होते, हे शहरांच्या अभ्यासातून पुढे आलं आहे आणि मला ते पटतं. पण आपण विदर्भातले आहोत. २९ सप्टेंबर २००६ ला भंडारा जिल्ह्यात खैरलांजीत एका दलित कुटुंबातल्या चौघांना गावातल्याच जमावानं मारलं. शेतातल्या रस्त्याचा वाद होता आणि त्यात जात होती. तिथेही एकी होती. म्हणून माझा प्रश्न असा की तुमच्या गावच्या एकीत बेडा आहे का, बौद्ध वस्ती आहे का, त्या पोराची आई आहे का?

राहिला तो पोरगा. तुमची सगळी ताकद मी इथे मागते, कारण बाकी उपायांना वर्षं लागतील आणि याचं काय व्हायचं ते सहा महिन्यांत ठरेल. गावातून काढलं तर तो तालुक्याला जाईल, आणि तिथे त्याला घर देणारा पहिला माणूस तो तांबं घेणाराच असेल. ऑस्ट्रेलियाचे जॉन ब्रेथवेट यांनी १९८९ मध्ये केलेला भेद मला फार उपयोगी पडला. चुकीची लाज वाटायला लावून माणसाला परत घेणं वेगळं, आणि कायमचा काळिमा फासून हाकलणं वेगळं. पहिल्यानं गुन्हा कमी होतो, दुसऱ्यानं वाढतो.

कायदा इथे तुमच्या बाजूनं आहे. अपराधी परिविक्षा अधिनियम १९५८ च्या कलम ६ प्रमाणे २१ वर्षांखालच्या आरोपीला, गुन्हा जन्मठेपेचा नसेल तर, तुरुंगात पाठवण्याआधी न्यायालयाला परिविक्षा अधिकाऱ्याचा अहवाल विचारात घ्यावा लागतो आणि तुरुंगच का, याची कारणं लिहावी लागतात. कलम ४ खाली चांगल्या वर्तणुकीच्या हमीवर सोडता येतं. तसं सोडल्यास कलम १२ मुळे दोषी ठरणं हे पुढे अपात्रतेचं कारण ठरत नाही. भारतीय न्याय संहितेत १ जुलै २०२४ पासून आणखी एक सोय झाली: ५,००० रुपयांखालची चोरी, पहिलाच गुन्हा, आणि माल किंवा त्याची किंमत परत केली, तर शिक्षा म्हणून सामुदायिक सेवा. केबलीची किंमत पंचनाम्यात किती लावली आहे ते आजच बघा. कोठडीत असेल तर तालुका विधी सेवा समितीकडून त्याला मोफत वकील मिळतो, उत्पन्नाची अट न लागता. वकिलाला सांगा की अहवालाची मागणी लेखी करा. ती पुष्कळदा केलीच जात नाही.

अधिकारी चौकशीला येतील तेव्हा ते एक गोष्ट हमखास विचारतील, मीही विचारायची: सुटल्यावर याला काम कोण देणार आणि याच्यावर लक्ष कोण ठेवणार? गावात उत्तर नसेल तर तो रकाना रिकामा जातो. ज्यांची केबल गेली त्या शेतकऱ्यांना एका बैठकीत बोलवा, पोराला आणि त्याच्या आईला समोर बसवा. त्यांचं ओलित किती दिवस थांबलं, हरभरा किती वाळला, हे त्यानं त्यांच्या तोंडून ऐकू द्या. भरपाईचा हप्ता ठरवा, आणि हप्ता फेडायला हाताला काम पाहिजे, तेही त्याच बैठकीत ठरवा. वकिलाला विचारूनच बैठक घ्या, त्याच्याकडून काहीही लिहून घेऊ नका, त्याच्यावर कोणी हात उगारू नये, आणि कोणीही मोबाइलवर चित्रण करू नये.

तारीख कधी आहे ते तुम्ही लिहिलं नाही. त्या दिवशी त्याच्या आईला एकटीला एसटीनं पाठवू नका. तुम्ही सोबत जा, आणि ज्यांची केबल गेली त्यातला एखादा तयार झाला तर त्यालाही न्या.